रात्री नेलेला पुतळा दिवसाउजेडी परत आणा

माननीय मुख्याधिकारी साहेब, नगराध्यक्षा ताई आणि सर्व नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहाटे डबा घेऊन कामावर निघालो आणि चौकात येऊन जागीच थांबलो. चौथरा होता, त्यावर शिवाजी महाराज नव्हते. चार गज वर आलेले, गॅस कटरने कापलेले, तोंडं काळी पडलेली. पायरीवर सिमेंटचा चुरा आणि सोमवारचा झेंडूचा हार. हारावरून टायर गेला होता. बाजूला पोलिसांची गाडी उभी होती. त्यातल्या एका तरुण शिपायाने कन्नडमध्ये सांगितलं, काका, इथे थांबू नका. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं.

बाकीचं चहाच्या टपरीवर कळलं. रात्री दोनच्या सुमारास चौकातले दिवे गेले. कटरचा उजेड दिसला म्हणून शेजारच्या माडीवर खिडकी उघडली गेली, तर खालून दम आला, आत जा. मग निळ्या ताडपत्रीत गुंडाळून पुतळा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवला. ही ट्रॉली रोज सकाळी गावातला कचरा गोळा करते.

गावाचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे, गावाला माहीत आहे. नाव छापून आलं की दोन्ही बाजूंनी गाड्या भरून माणसं येतील, घोषणा देतील आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातील. काचा आमच्या दुकानांच्या फुटतील, केसेस आमच्या पोरांवर पडतील. बेळगाव जिल्ह्यात हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय. म्हणून पत्र उघड लिहितो, पण गाव झाकून लिहितो.

मी गवंडी आहे, माझे वडील गवंडी होते. चौकातला तो चौथरा त्यांच्या हातचा. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. मी सातवीत होतो आणि सुट्टीत त्यांच्या हाताखाली जायचो. गल्लोगल्ली वर्गणी फिरली होती. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी जोंधळा घातला, तो विकून सिमेंट आलं. दगड कुठून आणायचा हा प्रश्न होता, तर पलीकडच्या वाडीचे खाणवाले अप्पा स्वतः दोन गाड्या दगड घेऊन आले. अप्पांना मराठी जेमतेम यायचं. वडील पैशाचं विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, "देवर केलस, दुड्डु बेड." देवाचं काम आहे, पैसे नकोत. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

एक आठवण सांगतो, कारण तुम्ही नेलंत ते काय होतं हे त्यावरून कळेल. पूर्वेकडच्या कोपऱ्याचा दगड लावून झाला होता. दुसऱ्या दिवशी वडिलांनी ओळंबा सोडून बघितला, तर दगड अर्धं बोट बाहेर. गिलाव्यात ते झाकून गेलं असतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्यांनी दगड काढला, खालचा माल खरवडला आणि पुन्हा लावला. मला म्हणाले, इथे लोक डोकं टेकवणार आहेत, वाकडं चालणार नाही. त्यानंतर एकवीस दिवस मी विहिरीवरून बादल्या आणून चौथऱ्याला पाणी मारलं. आजही त्या चौथऱ्याला भेग नाही. मंगळवारी तुमच्या माणसांनी गज कापले, हादरे दिले, तरी नाही.

पुतळा आला तो बैलगाडीतून, कडब्यावर ठेवून, हळदकुंकू लावून. वैशाख शुद्ध द्वितीयेचा दिवस होता. वेशीपासून चौकापर्यंत लेझीम होतं. सहा माणसांनी तो चढवला आणि नारळ पंचायतीच्या चेअरमननी फोडला. तेही कन्नडिग होते. भर दुपारी, सगळ्या गावासमोर हे झालं. तेव्हापासून दर शिवजयंतीला बायका पुतळ्याला पाणी घालतात, नवरात्रात दुर्गामाता दौड तिथूनच निघते, आणि दहावीचा निकाल लागला की पोरं आधी तिथे येऊन पाया पडतात.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार रात्रीची आहे. पुतळा रहदारीला अडचण होतो, असं तुमचं म्हणणं असेल तर ते ऐकायला मी तयार आहे. खरं सांगतो, अडचण होते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्या वळणावर अडकतात. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या एका पोराची सायकल ट्रॉलीखाली गेली, पोर थोडक्यात वाचलं. हे मी लिहिलं म्हणून आमच्यातलेच काही जण मला नावं ठेवतील. ठेवू देत. पण अडचण आहे हे दिवसा सांगता येतं. पंच मंडळींना बोलवता येतं, गल्लीतल्या युवक मंडळांना बोलवता येतं, नकाशा समोर ठेवता येतो. तुम्ही एकदाही बोलावलं नाही. दिवे घालवून, पोलीस उभे करून नेलं, म्हणजे आम्ही ऐकून घेणारी माणसंच नाही, हे तुम्ही आधीच धरून चालला होतात. याचा राग पुतळा गेल्यापेक्षा जास्त आहे.

दुसरी गोष्ट, कसा नेला ही. बुधवारी मी तुमच्या गोदामापर्यंत गेलो. आत सोडलं नाही, पण खिडकीच्या गजांतून दिसलं. ब्लीचिंग पावडरीची पोती, मोडके पथदिवे, पाइपांचे तुकडे आणि मधे ताडपत्री. एका बाजूने ती सरकली होती. जिरेटोपाचा कंगोरा उडालेला आहे आणि आतली तार बाहेर आली आहे. सिमेंटचा इतका जुना पुतळा दोर टाकून ओढत नाहीत, साहेब. खालून फळी सरकवायची, चारी बाजूंनी भाताचा पेंढा भरायचा, चेन ब्लॉकने हळू उचलायचा. गावात हे काम येणारे निदान पाच जण आहेत, त्यांतला एक मी. विचारलं असतंत तर मन घट्ट करून मी आलो असतो, पण महाराजांचा टोप फुटू दिला नसता.

नोटिशीचं सांगायचं तर, तुमच्या कार्यालयात कळलं की नोटीस लावली होती. कुठे, तर आतल्या खोलीच्या फळ्यावर, आणि फक्त कन्नडमध्ये. माझं कन्नडशी भांडण नाही. दिवसभर कामावर मी कन्नडच बोलतो, माझी नातवंडं कन्नड वाचतात. पण जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर सगळ्या राज्यांसाठी ठरलेलं धोरण आहे. आमच्या गावात घरटी मराठी बोललं जातं. चौथऱ्याशेजारी राहणाऱ्या माझ्या ऐंशी वर्षांच्या मावशीला ती नोटीस कुणी वाचून दाखवायची होती?

मग कारणं. तीन दिवसांत मला तीन ऐकायला मिळाली. आधी रस्ता रुंदीकरण, मग सुप्रीम कोर्टाचा आदेश, मग परवानगीचा कागद नाही. कोर्टाचा आदेश मी ओळखीच्या वकिलांकडून समजून घेतला. १८ जानेवारी २०१३ चा आहे. सार्वजनिक रस्त्यांवर, फूटपाथवर पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये, असं त्यात आहे. आदेश योग्य आहे, मलाही पटतो. पण आमचा पुतळा त्याच्या तीस वर्षांहून जास्त आधीचा. तो रात्री कापून न्या, असं त्या आदेशात कुठेही नाही. कागदाचं म्हणाल तर चेअरमननी नारळ फोडला, त्याअर्थी पंचायतीच्या रजिस्टरात ठराव असणार. पंचायतीची नगरपालिका झाली तेव्हा ती रजिस्टरं तुमच्याच ताब्यात आली. ती उघडून बघितलीत का? आणि याच राज्यात २०२१ च्या सप्टेंबरमध्ये नंजनगूडजवळचं देऊळ पाडलं आणि लोक चिडले, तेव्हा सरकारने त्याच महिन्यात सार्वजनिक जागेवरच्या धार्मिक वास्तूंना संरक्षण देणारा कायदा विधानसभेत मंजूर केला. आमचा पुतळा त्या कायद्यात बसत नाही, हे मला कळतं. पण लोकांचं मन सांभाळायचं ठरवलं की सरकारला ते जमतं, हेही कळतं.

आता गावात जे बोललं जातंय ते. मोकळ्या चौथऱ्यावर एखाद्या रात्री संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा बसेल, अशी कुजबुज आहे. खरी की खोटी, देव जाणे. पण ती तुमच्या कानावर आली नसेल असं मला वाटत नाही, आणि तुम्ही अजून ती खोडलेली नाही.

रायण्णा आम्हाला परके नाहीत. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे ते शिलेदार. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरने कंपनीच्या फौजेला हरवलं, कलेक्टर थॅकरे त्यात पडला. राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत १८२९ ला वारल्या, तरी रायण्णा रानावनात राहून लढत राहिले. तो गनिमी कावाच होता. २६ जानेवारी १८३१ ला त्यांना फाशी दिलं ते नंदगडला, खानापूर तालुक्यात, मराठी माणसांच्या मुलखात. माझ्या आईचं माहेर त्याच बाजूचं. नंदगडच्या बाजाराला गेली की ती समाधीपाशी हात जोडायची आणि आम्हाला सांगायची, इंग्रजाला भ्यायला नाही रे हा माणूस. त्या माणसाचा पुतळा दुसऱ्याचा पुतळा कापून मोकळ्या केलेल्या जागेवर उभा करणं हा रायण्णांचाही अपमान आहे. माझ्या वडिलांच्या चौथऱ्यावर दुसरं काहीही बसवू नका. रायण्णांसाठी गावात चांगली जागा ठरवा, तो चौथरा मी बांधतो. ओळंबा तोच लावीन.

महाराजही या मातीला परके नाहीत. त्यांच्या वडिलांची, शहाजीराजांची समाधी होदिगेरेला आहे, याच कर्नाटकात. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना मराठ्यांच्या फौजेची गाठ बैलहोंगलजवळच्या बेलवडीत मल्लम्मा देसाईंशी पडली. बाई झुंजल्या. महाराजांनी त्यांना मान दिला आणि त्याची आठवण म्हणून मल्लम्मांनी महाराजांची मूर्ती दगडात कोरून घेतली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तो दगड धारवाडजवळ यादवाडला आहे. मी तो पाहून आलोय. एका कन्नड देसाईणीच्या नावाने सांगितला जाणारा तो महाराजांचा दगड यादवाडच्या कन्नड गावाने इतकी वर्षं सांभाळला. दिल्लीत संसदेच्या आवारात महाराजांचाही पुतळा आहे आणि राणी चन्नम्मांचाही. तिथे दोघांना जागा पुरते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आठवा. हुक्केरी तालुक्यातल्या मनगुत्तीत महाराजांचा पुतळा हटवला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना लोक रस्त्यावर आले. त्याच महिन्यात बेळगावजवळच्या पिरनवाडीत रात्रीत रायण्णांचा पुतळा बसला, सकाळी लाठ्या चालल्या. मग दोन्हीकडची माणसं एकत्र बसली तेव्हा तोडगा निघाला. रायण्णांचा पुतळा राहील, चौकाला महाराजांचं नाव राहील. जे बोलणं दुसऱ्या दिवशी झालं ते आदल्या दिवशी झालं असतं तर कुणाचं डोकं फुटलं नसतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये बंगळूरला महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली आणि अनगोळला रात्रीत रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. बेळगावात मग किती तरुण पोरांवर गुन्हे लागले आणि त्यांच्या आया कोर्टाच्या पायऱ्या कशा झिजवत होत्या, हे बेळगावकरांना विचारा. आणि २०२३ च्या मार्चमध्ये बेळगावजवळच्या राजहंसगडावर महाराजांच्या एकाच पुतळ्याचं अनावरण तीन दिवसांच्या अंतराने दोनदा झालं, एकदा सरकारकडून, एकदा विरोधी पक्षाकडून, कारण निवडणूक तोंडावर होती. हे मी सगळ्या पक्षांना उद्देशून लिहितो, आमच्या मराठी नेत्यांनाही. बैठक होईपर्यंत कुणीही माइक घेऊन आमच्या चौकात येऊ नका.

तणाव झाला की त्याची झळ कुणाला बसते ते माझ्या घरातलं सांगतो. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. माझी मुलगी सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिली आहे. तिचे दिवस भरले होते. दीड तासाची वाट, पण बस नाही, गाडीवाला यायला तयार नाही. तिची आई दोन दिवस दारात उभी होती. नातू झाला तेव्हा तिच्याजवळ माहेरचं कुणी नव्हतं. पुढाऱ्यांच्या भाषणात हे येत नाही.

म्हणून मागणं मागतो. पहिलं हे की पुतळा आजच्या आज त्या गोदामातून हलवा आणि तोवर मराठी शाळेच्या किंवा देवळाच्या एखाद्या खोलीत, स्वच्छ जागी, फडकं घालून ठेवा. कचऱ्याची ट्रॉली पुन्हा वापरू नका.

रात्री न्यायचा हुकूम कुणी दिला, कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदावर, हे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहून चौकात लावा. जुन्या पंचायतीची रजिस्टरं गावातल्या चार जाणत्या माणसांसमोर उघडा. दोन मराठी, दोन कन्नड, म्हणजे शंका राहणार नाही.

पंधरा दिवसांच्या आत सभा बोलवा, दिवसा, शाळेच्या मैदानावर, दोन्ही भाषांत दवंडी देऊन. बायकांनाही बोलवा, पुतळ्याला पाणी घालणाऱ्या त्याच आहेत. रस्ता खरोखर रुंद करायचा असेल तर नकाशा तिथे मांडा. चौकातून हलवून शाळेच्या कंपाऊंडच्या कोपऱ्यात, रस्त्याकडे तोंड करून पुतळा बसवायचं ठरलं तर मी स्वतः हात वर करीन. पण ते सभेत ठरलं पाहिजे. आणि नियम लावायचाच असेल तर नगरपालिकेच्या हद्दीतल्या सगळ्या पुतळ्यांची यादी करून लावा, कोणत्याही भाषेचा, कोणत्याही जातीचा महापुरुष असो.

सभेचा निर्णय होईपर्यंत मोकळ्या चौथऱ्यावर काहीही बसणार नाही, असं लेखी जाहीर करा. आणि घोषणा देताना पकडलेली तीन पोरं आहेत, त्यांच्यावरचे गुन्हे मागे घ्यावेत म्हणून पोलिसांना तुमच्याकडून पत्र द्या. त्यांतला एक माझ्याकडे सेंट्रिंगला येतो. त्याने दगड उचलला नव्हता, गज उचलला नव्हता, फक्त जय म्हणाला होता.

कापलेल्या गजांवर मी पोत्याचं फडकं बांधलंय, कारण संध्याकाळी लहान पोरं चौथऱ्यावर चढतात. गज चार बोटं वर आहेत, वेल्डिंग अजून धरेल. पण उघडे राहिले तर पावसात गंज आत उतरेल आणि मग चौथरा फुटेल. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत काय ते ठरवा. टोपाचा कंगोरा मी भरून देतो, मजुरी घेणार नाही. सकाळी सातला मी चौकातच असतो, निरोप पाठवलात की हत्यारं घेऊन येतो.

आपला,
चौकातल्या चौथऱ्याच्या गवंड्याचा मुलगा